कॉन्व्हेंटची घंटा, घरचं देवघर

ख्रिस्ती शाळांतली चारपैकी तीन मुलं आज ख्रिस्तेतर घरांतली आहेत. अशा कॅथलिक शाळेनं आपली धार्मिक ओळख कशी टिकवायची? आणि तिथं शिकणाऱ्या मुलांनी आपली कशी टिकवायची?

प्रवेशाचे दिवस जवळ आले, की गावोगावच्या कॉन्व्हेंट शाळांकडे पालकांची धाव सुरू होते. रांगा आता फाटकाबाहेर लागण्याऐवजी संगणकावर लागतात, एवढाच फरक. घर जोशींचं असो, शेखांचं असो की कांबळ्यांचं, 'कॉन्व्हेंटमध्ये नंबर लागला' ही आजही पेढे वाटण्यासारखी बातमी असते. चांगलं इंग्रजी, कडक शिस्त, वेळेवर भरणारे वर्ग आणि मुलीच्या सुरक्षिततेची हमी, एवढं मिळालं की आईबाप खूश असतात.

पुढे जूनमध्ये शाळा सुरू होते. महिनाभरानं घरातली चिमुरडी जेवायला बसताना हात जोडते, डोळे मिटते आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण करते. आजीच्या हातातला घास तसाच राहतो. 'हे कुणी शिकवलं गं तुला?' नात निरागसपणे सांगते, 'सिस्टरनी.' त्या रात्री घरात चर्चा होते. बाबांना त्यात काही वावगं वाटत नाही, आजीला वाटतं आणि आई दोघांच्या मध्ये अडकते.

आता दुसरं घर पाहा. हे कुटुंब कॅथलिक आहे. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला जोडून त्यांनी त्याच शाळेत प्रवेश मिळवला. त्यांची तक्रार नेमकी उलटी आहे. आमच्या वेळी शाळेत पाच-सहा सिस्टर असायच्या, आता एकच उरली आहे आणि तीही कार्यालयात बसते. धर्मशिक्षणाचा तास आठवड्यातून एखादा. नाताळच्या कार्यक्रमात येशूजन्माच्या देखाव्यापेक्षा सांताक्लॉजचा नाच मोठा. मग ही शाळा कॅथलिक म्हणायची ती कशासाठी?

शाळा एकच, पण एका घराला तिथं धर्म जास्त वाटतो, तर दुसऱ्याला कमी. आज देशातल्या प्रत्येक कॅथलिक शाळेच्या मुख्याध्यापकांना ही दोन्ही घरं सांभाळावी लागतात.

आकडे काय सांगतात?

कॅथलिक चर्च देशभरात सुमारे चौदा हजार शाळा चालवतं. ख्रिस्ती लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेनुसार अवघी २.३ टक्के. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२१ मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातल्या धार्मिक अल्पसंख्याकांच्या लोकसंख्येत ख्रिस्ती ११.५४ टक्के आहेत, पण अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी ७१.९६ टक्के शाळा त्यांच्या आहेत. या शाळांमधली सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत. हे आकडे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून सगळ्या ख्रिस्ती शाळांचे आहेत.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जातो. अल्पसंख्याक म्हणून सवलती घेता, मग मुलं बहुसंख्याकांची कशी, असं टीकाकार विचारतात. आमचं दार सगळ्यांना उघडं आहे याचाच हा पुरावा, असं चर्चचं उत्तर असतं.

आणखी एक शंका दबक्या आवाजात विचारली जाते, ती धर्मांतराची. दीडशेहून अधिक वर्षं या शाळा चालू आहेत आणि लाखो हिंदू, मुस्लिम, पारशी, शीख मुलं त्यांतून शिकून बाहेर पडली. लालकृष्ण अडवाणी कराचीच्या सेंट पॅट्रिक्समध्ये शिकले, मनोहर पर्रीकर मडगावच्या लॉयोला हायस्कूलमध्ये, तर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात. तिघांनीही आपापला धर्म सोडला नाही. १९५१ च्या जनगणनेतही देशात ख्रिस्ती सुमारे २.३ टक्केच होते. शाळा हा धर्मांतराचा कारखाना असता, तर साठ वर्षांत हा आकडा जागचा हलला नसता का?

शाळा निघाल्या कुणासाठी?

आयर्लंडहून आलेल्या लोरेटो सिस्टर्सनी १८४२ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा सुरू केली. मुंबईत माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चं आणि धोबीतलावचं सेंट झेवियर्स १८६९ चं. सुरुवातीला अशा शाळांमध्ये युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलं, अनाथ मुलं आणि स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांतली मुलं यांचाच भरणा अधिक असे. इंग्रजीचं महत्त्व वाढलं, तशी इतरांची पावलं तिकडे वळली.

केरळची गोष्ट मात्र वेगळी. तिथं कुरियाकोस एलियास चावरा या धर्मगुरूंनी १८६४ मध्ये प्रत्येक चर्चशेजारी शाळा काढण्याचा हुकूम काढला. गरीब मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी घरोघरी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथाही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. ही शाळा साहेबाच्या मुलांसाठी नव्हती. ती गावातल्या मुलांसाठी होती.

पुढे चर्चची भूमिकाही बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज मंजूर केले. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा, दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीचा. ज्या कॅथलिक शाळांमध्ये अन्यधर्मीय मुलंही शिकतात, त्या चर्चला विशेष प्रिय आहेत, असं पहिल्यानं सांगितलं. इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं दुसऱ्यानं. आपल्याकडच्या कॅथलिक शाळा तेव्हापासून या दोन वाक्यांमधली वाट शोधत आहेत.

एकच घंटा, दोन वर्ग

ही वाट प्रत्यक्षात कशी दिसते? बहुतेक शाळांनी एक सोपी व्यवस्था बसवली आहे. वेळापत्रकातल्या एका ठरावीक तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात जातात, बाकीची दुसऱ्या. पहिल्या वर्गात 'कॅटेकिझम', म्हणजे बायबलमधल्या गोष्टी, प्रार्थना आणि संस्कारविधींची तयारी. साधारण सात-आठ वर्षांच्या मुलांना 'फर्स्ट कम्युनियन'साठी इथूनच तयार केलं जातं, तर पुष्कळ ठिकाणी ही तयारी रविवारी चर्चमध्ये होते. दुसऱ्या वर्गात 'मॉरल सायन्स', आताच्या भाषेत मूल्यशिक्षण. खरं बोलणं, मैत्री, राग आवरणं, म्हाताऱ्यांना मदत असे विषय असतात आणि गोष्टी सगळ्या धर्मांतल्या.

व्यवस्था चांगली असली, तरी तिच्यातली एक अडचण शिक्षकच बोलून दाखवतात. मुलांना धर्मानुसार वेगळं बसवण्याचा हा आठवड्यातला एकमेव तास असतो. एरवी एका बाकावर बसणारे दोघं मित्र त्या तासाला वेगळे होतात. 'तू तिकडे का जातोस?' हा प्रश्न सात वर्षांचं मूल विचारणारच. शिक्षकानं त्याला नीट उत्तर दिलं, तर मुलाला दुसऱ्याच्या धर्माचा पहिला धडा तिथंच मिळतो. गप्प बसवलं, तर मनात अढी बसते.

सकाळची प्रार्थना सगळ्यांची एकत्र असते. काही शाळांत येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणतात, काहींत सर्वधर्म प्रार्थना, तर काहींत रोज वेगळ्या वर्गानं निवडलेलं गीत. वाद उभा राहतो तो बहुतेक वेळा इथंच.

घटना काय म्हणते?

आपल्या राज्यघटनेनं या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आधीच ओळखल्या होत्या. कलम ३० नुसार धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. कलम २८ चं तिसरं उपकलम विद्यार्थ्यांची बाजू घेतं. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर पालकांची संमती लागते. ही तरतूद किती पालकांना ठाऊक असते?

न्यायालयांनीही हा तोल वेळोवेळी सांभाळला. केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बाहेरची काही मुलं घेतली म्हणून संस्थेचं अल्पसंख्याक स्वरूप जात नाही. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात १९७४ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी अल्पसंख्याकांचा अधिकार उचलून धरला, पण कारभार चालवण्याचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा परवाना नव्हे, हेही बजावलं. शिक्षणहक्क कायद्यानं गरीब आणि वंचित मुलांसाठी खासगी शाळांत २५ टक्के जागा ठेवल्या. २०१४ च्या 'प्रमती' निकालानं अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून फेरविचारासाठी प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवलं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनंही हा विषय मिटलेला नाही.

भिंतीवरची मूर्ती

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर आला. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बस्तरमधून बातमी आली. मिशनरी शाळांत सरस्वतीची तसबीर लावायची आणि प्राचार्यांना 'फादर' न म्हणता 'प्राचार्य' किंवा 'सर' म्हणायचं, असं विश्व हिंदू परिषद आणि तिथल्या चर्चच्या प्रतिनिधींच्या बैठकीत ठरल्याचं सांगण्यात आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आसाममध्ये काही संघटनांनी ख्रिस्ती शाळांना इशारा दिला. आवारातल्या येशू-मेरीच्या मूर्ती आणि क्रूस काढा, फादर-सिस्टरांनी शाळेत धार्मिक पोशाख घालू नये, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

त्यानंतर दोनच महिन्यांत, एप्रिल २०२४ मध्ये, भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागानं आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. अन्यधर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सर्व धर्मांचा आदर राखा, सकाळच्या परिपाठात रोज राज्यघटनेची उद्देशिका म्हणून घ्या, शाळेत सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा, असं त्यांत म्हटलं होतं. स्वातंत्र्यसैनिक, शास्त्रज्ञ, कवी यांची चित्रं शाळेत लावण्याची सूचनाही होती.

काहींनी याचं मनापासून स्वागत केलं, तर काही कॅथलिकांना ही माघार वाटली. भीतीपोटी आपण आपल्याच घरातली मूर्ती झाकून ठेवतो आहोत का, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही. धाकानं केलेला बदल आणि विचारानं केलेला बदल बाहेरून सारखाच दिसतो, पण मुलांवर होणारा परिणाम सारखा नसतो. 'लोक चिडतील म्हणून मूर्ती काढली' हे कानावर पडलेलं मूल वेगळंच काही शिकतं.

व्हॅटिकननं २०२२ मध्ये कॅथलिक शाळांच्या ओळखीवरच एक सूचनापत्र काढलं. त्यात दोन्ही टोकांबद्दल सावध केलं आहे. ओळख फक्त नावापुरती, कागदापुरती उरू नये. आणि शाळेचं बेट होऊन पूर्ण कॅथलिक नसलेल्यांना तिथं जागाच नाही, असंही होऊ नये.

टिकली, राखी आणि रुमाल

आता मुलांच्या बाजूनं पाहू. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कितीतरी बायकांना आठवत असेल, की बांगड्या, टिकली, मेंदी यांवरून बोलणी बसायची. नागपंचमीला हातावर मेंदी काढायची हौस आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरांची धास्ती! शाळेच्या दृष्टीनं हा गणवेशाच्या शिस्तीचा प्रश्न असतो, घरच्यांच्या दृष्टीनं सणाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये बालहक्क आयोगानं राज्यांना पत्र लिहून कळवलं, की राखी, टिळा किंवा मेंदी यांसारख्या कारणांवरून शाळांनी मुलांना शिक्षा करू नये.

केरळात हाच प्रश्न मुस्लिम मुलींच्या डोक्यावरच्या रुमालावरून आला. तिरुवनंतपुरमच्या एका कॅथलिक शाळेतल्या दोन विद्यार्थिनींना डोक्यावर रुमाल आणि लांब बाह्यांचा शर्ट घालायचा होता. शाळेनं नकार दिला. केरळ उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये निकाल दिला, की व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वेषाचा हक्क आहे, पण तो संस्था चालवण्याच्या व्यापक हक्कावर मात करू शकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीतल्या एका चर्चसंचालित शाळेत असाच वाद पेटला. शाळा दोन दिवस बंद राहिली, मंत्र्यांना बोलावं लागलं आणि अखेर घरच्यांनी मुलीची शाळा बदलायचं ठरवलं.

कायद्यानं शाळा बरोबर ठरेलही, पण प्रश्न तेवढ्यानं संपत नाही. जी शाळा आपल्या सिस्टरांच्या डोक्यावरचं वस्त्र धर्माची खूण म्हणून जपते, तिनं विद्यार्थिनीच्या डोक्यावरच्या रुमालाकडे कोणत्या नजरेनं पाहावं? स्वतःची ओळख जपू पाहणाऱ्याला दुसऱ्याची धडपड अधिक कळायला हवी, अशी अपेक्षा ठेवली तर ती चूक नव्हे.

खरी ओळख कशात?

मूर्ती, प्रार्थना आणि पोशाख यांवर इतकी चर्चा होते, की एक महत्त्वाचा मुद्दा मागे पडतो. ही शाळा कुणाला आत घेते? चर्चचे शिक्षणविषयक दस्तऐवज गरिबाला आणि दुर्बलाला अग्रक्रम द्यायला सांगतात. पण शहरांतल्या नामवंत विनाअनुदानित कॉन्व्हेंट शाळांची फी पाहिली, की चर्चमध्ये पहिल्या बाकावर गुडघे टेकणारी मोलकरीण आपल्या मुलाला त्याच चर्चच्या शाळेत घालू शकेल का, असा प्रश्न पडतो. दुसरीकडे झारखंड, छत्तीसगड, ईशान्य भारत अशा भागांत याच चर्चच्या कितीतरी शाळा आदिवासी मुलांना शिकवत आहेत. क्रूस दोन्हीकडे तोच, पण ओळख सारखी म्हणता येईल का?

शिकवणारेही बदलले. धर्मसंघात जाणाऱ्या मुलींची संख्या कमी झाली आणि पूर्वी सिस्टर चालवायच्या ते वर्ग आता पगारी शिक्षक चालवतात. त्यांत अन्यधर्मीय पुष्कळ. जोगिणी आणि धर्मगुरू दारिद्र्याचं व्रत घेतात, त्यांचा पगार धर्मसंघाकडे जातो. अनुदानित शाळांमधल्या अशा पगारावरही प्राप्तिकर कापला जाईल, यावर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. चर्चच्या कायद्याप्रमाणे कॅथलिक शाळेतले शिक्षक योग्य शिकवणीचे आणि सचोटीच्या वागणुकीचे असावेत, अशी अट आहे. त्यातली वागणुकीची अट कोणत्याही धर्माचा चांगला शिक्षक पुरी करू शकतो. कितीतरी शाळांचा कणा आज असे हिंदू, मुस्लिम शिक्षक आहेत.

वसईचा आणि गोव्याचा धडा

धर्माची ओळख जपायची, तर भाषा सोडावी लागते असं नाही. वसईचे कॅथलिक पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहेत, पण त्यांच्या घरात मराठीच्या बोली नांदतात. तिथल्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते आणि चर्चच्या मराठी शाळांनी पिढ्या घडवल्या. 'सुवार्ता' मासिकाचे पूर्वी संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले होते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्यामागे चारशे वर्षांची परंपरा आहे. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये मराठी ओव्यांतच छापलं गेलं. मात्र वसईतही आता पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे.

गोव्यात तर माध्यमाचा प्रश्न राजकारणाचाच झाला. १९९० च्या सुमारास सरकारनं प्राथमिक शाळांचं अनुदान कोकणी-मराठीपुरतं ठेवलं, तेव्हा चर्चच्या शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारलं. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्या शाळा इंग्रजीकडे वळल्या. त्यावरून उठलेलं वादळ पुढे कितीतरी वर्षं शमलं नाही. इंग्रजीसाठी भांडणाऱ्यांत ख्रिस्तेतर पालकही होते, हे विसरून चालणार नाही.

पालकांनी काय करावं?

मूल कॉन्व्हेंटमध्ये घालायचं असेल, तर काही गोष्टी प्रवेशाआधीच विचारून घ्याव्यात. सकाळची प्रार्थना कोणती असते? मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकवतात? चर्चमधल्या कार्यक्रमाला अन्यधर्मीय मुलांना नेतात का आणि नेण्याआधी घरी विचारतात का? टिकली, राखी, पगडी, रुमाल यांबाबत नियम काय? चांगली शाळा अशा प्रश्नांनी रागावत नाही. आणि उत्तर पटलं नाही, तर दुसरी शाळा पाहण्याचा मार्ग मोकळा असतोच. सगळं माहीत असून प्रवेश घ्यायचा आणि नंतर क्रुसावरून भांडायचं, हे बरोबर नाही.

मुलाला घरी दोन गोष्टी सांगाव्यात. दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना शांत उभं राहणं ही सभ्यता आहे, त्यानं आपला धर्म बुडत नाही. आणि एखादी गोष्ट मनाला पटत नसेल, तर 'मी हे करणार नाही' असं नम्रपणे सांगण्याचा हक्क त्याला आहे. त्यावरून कुणी त्याला अपमानित केलं, तर आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ या क्रमानं जावं. पहिल्याच दिवशी मोर्चा आणला, तर त्याचा त्रास मुलालाच होतो.

कॅथलिक पालकांनीही सगळा भार शाळेवर टाकू नये. घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद पडली, रविवारचा मिस्सा चुकू लागला, तर आठवड्यातला एक तास काय काय भरून काढणार? आणि हे हिंदू, मुस्लिम घरांनाही तितकंच लागू आहे. घरच्या देवापुढे दिवा लावायला कुणाला वेळ नसेल, तर शाळेतल्या क्रुसाला दोष देण्यात अर्थ नाही.

शाळांचं कामही सोपं नाही. आम्ही कॅथलिक आहोत, आमची श्रद्धा ही आहे, ती आम्ही लपवणार नाही आणि लादणारही नाही, एवढं प्रवेशपत्रिकेतच स्वच्छ शब्दांत छापलं, तर निम्मे गैरसमज तिथंच मिटतील. उरलेले निम्मे मिटवायला वर्गातल्या टीचरचं वागणं पुरेसं असतं.

आणि क्रुसाची खूण करणाऱ्या त्या नातीचं काय? आजीनं तिला जवळ घेऊन विचारावं, 'सिस्टरांचा देव कोण गं? सांग बरं मला.' नात सांगेल. मग आजीनं आपल्या देवाची गोष्ट सांगावी. सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात दोन गोष्टींना पुरेल एवढी जागा नक्की असते.